मिळाले, पण पोहोचले नाही

साहित्यव्यवहारात थोडाफार वावर असलेल्या कुणालाही ‘साभार परत’ या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. विद्यार्थिदशेत आम्हीही आपल्याच हस्ताक्षरातला पत्ता असलेली, आपणच तिकीट लावलेली पाकिटे टपालातून परत घेतली आहेत. ते पाकीट हातात पडले की आत काय आहे हे उघडण्यापूर्वीच कळत असे. दुःख होई; परंतु निदान कुणीतरी वाचले, तोलले आणि नाकारले, एवढे समाधान त्यात असे. परत येण्याचा आणखी एक प्रकार असतो. त्यात कुणी वाचलेले नसते, कुणी नाकारलेलेही नसते. मात्र ज्याच्या हाती ते पडते त्याला दोन्हींतला फरक दिसत नाही. अशाच एका परतीविषयी आणि तिला कारण झालेल्या दोन मेल सर्व्हरांविषयी हे लेखन आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी सर्व्हरांच्या भानगडीत कशाला पडावे, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. आमच्याही मनात तो पुष्कळ दिवस होता, आणि तो तसाच राहू दिला हीच आमची चूक होती.

आम्ही दोघे पतिपत्नी एकाच विभागात मराठी शिकवतो. घर राणीसावरगावात. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातले, बालाघाटाच्या डोंगररांगांमधले हे गाव बाहेरच्यांना रेणुकादेवीच्या मंदिरामुळे माहीत असते. आसपासच्या वाड्यातांड्यांवरून येणाऱ्या मुलामुलींचे लेखन एकत्र करून वर्षातून एकदा एक अंक काढावा, असा उपक्रम आम्ही काही वर्षांपूर्वी सुरू केला. आरंभी वह्यांची फाडलेली पाने येत. पुढे मुलांच्या हाती मोबाईल आले आणि लेखन ई-मेलने येऊ लागले. तेव्हा एका माजी विद्यार्थ्याने सुचवले, “सर, आपल्या अंकाच्या नावाचाच पत्ता करू या.” फुकटच्या सेवेवर भागत असताना स्वतःच्या नावाच्या पत्त्याचा मोह आम्हांला पडला, हे कबूल केले पाहिजे. त्याने महाविद्यालयाच्या संगणककक्षातल्या एका यंत्रावर आमचा मेल सर्व्हर उभारला. वीज जाईल, जोडणी तुटेल, म्हणून मुंबईतल्या एका डेटासेंटरमध्ये भाड्याची जागा घेऊन तिथे दुसराही ठेवला. “मॅडम, आता एक बंद पडला तरी दुसरा घेतो,” असे तो म्हणाला. आम्ही समाधानाने मान हलवली. ‘घेतो’ म्हणजे नेमके काय करतो, हे विचारले नाही.

ते काय असते हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. इंटरनेटवर प्रत्येक नावाची एक नोंदवही असते. तिला डीएनएस म्हणतात. या नावाचे टपाल कोणत्या यंत्राने स्वीकारावे, हे सांगणारी नोंद तीत असते. तिला एमएक्स नोंद असे नाव आहे. एका नावाला अशा अनेक नोंदी करता येतात आणि प्रत्येकीपुढे एक आकडा लिहावा लागतो. आकडा जितका लहान, तितका मान मोठा. आमच्या मुख्य सर्व्हरापुढे १० होते, मुंबईच्या सर्व्हरापुढे २०. पाठवणारे यंत्र प्रथम १० कडे जाते. तिथे दार उघडले नाही तर २० कडे वळते. त्यासाठी कुणाला काही करावे लागत नाही. १९८६ सालापासून इंटरनेटच्या नियमपत्रांत ही व्यवस्था लिहिलेली आहे. एवढ्यापुरते पाहिले तर एका सर्व्हराचे काम दुसऱ्याने आपोआप घेणे आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होते.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत संगणककक्षातले यूपीएस जळाले आणि आमचे यंत्र बंद पडले. कक्षाला कुलूप, शिपाई गावी, आम्ही पाहुण्यांत. ते आठ दिवस बंद राहिले. या आठ दिवसांत अंकासाठी लेखन पाठवण्याची मुदत संपत होती. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने आपला लेख याच दिवसांत पाठवला. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. आमच्या भागातली कितीतरी घरे दसरादिवाळीनंतर रिकामी होतात, हे वाचकांना माहीत असेलच. निघण्यापूर्वी, रात्री, मोबाईलवर टंकलेला तो लेख तिने धाडला आणि कुटुंबाबरोबर ती कारखान्याच्या फडावर गेली.

मुख्य सर्व्हराने दार उघडले नाही. तिचे टपाल नियमाप्रमाणे मुंबईच्या सर्व्हराकडे गेले. त्याने ते ‘मिळाले’ म्हणून स्वीकारले आणि मुख्य सर्व्हर जागा होण्याची वाट पाहत आपल्या रांगेत ठेवले. त्याच्या हाती तेवढेच काम दिलेले होते. पाच दिवस त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. पाच दिवसांनी मुदत संपली, तेव्हा त्याने ते टपाल पाठवणारीकडे परत धाडले. सोबत इंग्रजीत दहाबारा ओळींची सूचना.

ती मार्चमध्ये परत आली. अंक एव्हाना छापून झाला होता. लेख का दिला नाहीस, असे आम्ही सहज विचारले. ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, दिलता की. तुम्हीच वापस केला ना?” आणि थोड्या वेळाने, मॅडमकडे पाहून, “इंग्लिशमध्ये लिहून आलं होतं. मला वाटलं, बरोबर नसंल लिहिलेलं.”

तिने दुसरे काही लिहिले का, असे विचारण्याचे धैर्य आम्हांला त्या दिवशी झाले नाही.

त्या रात्री आम्ही त्या माजी विद्यार्थ्याला फोन केला. स्वर चढलेला होता, हे मान्य. त्याने मुंबईच्या सर्व्हरावरची नोंद काढून ओळ न् ओळ वाचून दाखवली. अमुक वेळी स्वीकारले, अमुक वेळी प्रयत्न, पुन्हा प्रयत्न, मुदत संपली, परत केले. “सर, सगळं बरोबरच झालंय,” तो खालच्या आवाजात म्हणाला. ते खरे होते. कुठल्याही यंत्राने कुठलाही नियम मोडला नव्हता. आमच्या मनाला ते अधिक लागले.

मग आम्ही, जन्मात प्रथमच, ते नियम वाचायला घेतले. ई-मेलची देवघेव ज्या रीतीने होते तिला एसएमटीपी म्हणतात. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी तिचे नियमपत्र लिहिले आणि आज ज्याचा सर्वत्र आधार घेतला जातो ते आरएफसी ५३२१ हे नियमपत्र २००८ सालचे आहे. रूक्ष मजकूर असेल अशी आमची कल्पना होती. परंतु त्यात एके ठिकाणी आम्ही थबकलो. घेणाऱ्या यंत्राने टपालाचा शेवटचा शब्द ऐकून २५० हा आकडा उच्चारला, की ते टपाल पोहोचवण्याची जबाबदारी त्याने पत्करली, असे हे नियमपत्र सांगते. त्या क्षणापर्यंत पाठवणाऱ्याने आपली प्रत सोडायची नसते. त्यानंतर ती सोडायला तो मोकळा. पुढे असेही म्हटले आहे की एकदा जबाबदारी घेतल्यावर क्षुल्लक कारणासाठी टपाल गमावता कामा नये. क्षुल्लक कारणाचे उदाहरण म्हणून दिले आहे ते यंत्र मध्येच कोसळण्याचे! ज्याला आपण आपत्ती म्हणतो ते या नियमकर्त्यांच्या लेखी सबब सांगण्यासारखेही नाही. दोन यंत्रांच्या संभाषणात ‘हो’ या शब्दाला एवढे वजन असावे, याचे आम्हांला नवल वाटले. आमच्या परिषदा-समित्यांतले ‘हो’ आठवले. असो.

या नियमांच्या उजेडात पाहिले तेव्हा आमच्या व्यवस्थेतला दोष स्पष्ट दिसला. मुख्य सर्व्हर बंद असताना दुसरा कुणीच नसता, तर विद्यार्थिनीच्या टपालसेवेनेच तो लेख स्वतःजवळ ठेवला असता आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न केला असता. निदान चारपाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये, असे नियमपत्रच सुचवते. बहुतेक मोठ्या सेवा मध्यंतरी ‘अजून पोहोचले नाही’ असे पाठवणाऱ्याला कळवतात. ते तिला निघण्याच्या गडबडीत कदाचित कळले असते आणि तिने आम्हांला फोन केला असता. आमच्या दुसऱ्या सर्व्हराने ‘मिळाले’ म्हणून तिच्या सेवेला मोकळे केले, आणि पोहोचवण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. लेख तिच्या हातून सुटला होता, आमच्या हाती आला नव्हता, आणि मध्ये कुणालाच त्याची चिंता नव्हती. आम्ही ज्याला सोय समजत होतो, तिने पाच दिवसांची शांतता तेवढी विकत घेतली होती.

हे सगळे आम्ही घरी बोलत होतो तेव्हा दादा ओसरीवर बसून ऐकत होते. दादा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे. ते या परिसरातल्या वाड्यांवर टपाल वाटत. खात्यात त्यांना पूर्वी ‘ईडी’ म्हणत. २००१ नंतर ‘ग्रामीण डाकसेवक’ हे नाव आले. या नोकरीचा एक नियम त्यांच्या तोंडून आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रजा घ्यायची तर बदली माणूस स्वतःच द्यायचा, आणि तोही स्वतःच्या जबाबदारीवर. त्याने मनिऑर्डर चुकीच्या हाती दिली तर जाब दादांना. त्यामुळे रजेवर जाण्यापूर्वी दादा आपल्या चुलतभावाला चारसहा दिवस बरोबर घेऊन हिंडत. कोण कुठे राहतो, एकाच नावाचे दोघे कुठल्या वस्तीवर आहेत, कोण कारखान्याला गेले आहे, कोणत्या म्हातारीला पत्र वाचून दाखवावे लागते, कुणाची मनिऑर्डर घरातल्या दुसऱ्याच्या हाती मुळीच द्यायची नाही, हे सगळे त्याला तोंडपाठ झाल्याशिवाय थैली त्याच्या खांद्यावर जात नसे.

आमचे सर्व्हरपुराण ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “तुमच्या त्या दुसऱ्याला घरं म्हाईत होती का?”

माहीत नव्हती. आमच्या नावाने येईल ते सर्व स्वीकार, एवढेच त्याला सांगितलेले होते. आमच्याकडे कोणते पत्ते आहेत आणि कोणते नाहीत, याची यादी त्याच्याजवळ नव्हती. निरुपयोगी टपाल पाठवणाऱ्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. राखीव सर्व्हरावर पहारा ढिला असतो म्हणून ते मुद्दाम मोठ्या आकड्याच्या दाराने येतात. त्या आठ दिवसांत आमच्या रांगेत नसलेल्या माणसांच्या नावाने आलेला ढिगारा साचला होता, आणि त्यात एका मुलीचा लेख होता. शिवाय असा ढिगारा नंतर ‘परत’ होतो तेव्हा तो खोट्या प्रेषकांच्या, म्हणजे भलत्याच निरपराध माणसांच्या, पेटीत जाऊन पडतो. बदली माणसाने घरे माहीत नसताना थैली घेतली, की हे व्हायचेच.

पुढच्या मे महिन्यात तो माजी विद्यार्थी चार दिवस आमच्याकडे राहिला. आम्ही काही टंकले नाही. फक्त प्रत्येक पायरीला ‘म्हणजे काय?’ असे विचारत राहिलो. व्यवस्था आता अशी आहे. मुख्य सर्व्हर महाविद्यालयातून काढून डेटासेंटरात नेला. दुसरा वेगळ्या शहरात, वेगळ्या जोडणीवर ठेवला. दोघांजवळ पत्त्यांची तीच यादी, पहारा तेवढाच कडक, आणि टपालपेटीची प्रत दोन्हीकडे सतत जुळवून ठेवलेली. मुख्य चालू असताना दुसऱ्याच्या दारी आलेले टपाल तो लगेच मुख्याकडे देतो. मुख्य बंद असेल तर ते आपल्याच पेटीत टाकतो, आणि आम्हांला ते तिथून वाचता येते. आम्ही ज्या नावाने पेटी उघडतो ते नाव पाच मिनिटांत दुसऱ्या यंत्राकडे वळावे, म्हणून त्या नोंदीचे आयुष्यच पाच मिनिटांचे ठेवले आहे. पूर्वी ते एक दिवसाचे होते. म्हणजे नोंद बदलली तरी जग दिवसभर जुन्याच दारावर थापा मारीत बसले असते.

यातला खरा कठीण प्रश्न निराळाच निघाला. मुख्य बंद पडला, हे दुसऱ्याला कळणार कसे? तो दर काही सेकंदांनी ‘आहेस का?’ असे विचारतो. उत्तर आले नाही, तर समोरचा मेला असेल किंवा दोघांमधला रस्ताच तुटला असेल. शांततेवरून यातले काय खरे ते ओळखता येत नाही. रस्ता तुटला असताना दुसऱ्याने स्वतःला मुख्य ठरवले, तर दोन मुख्य होतात. दोघेही टपाल घेतात, दोघांच्या पेट्या वेगळ्या होत जातात, आणि नंतर कोणती खरी हे सांगता येत नाही. या व्याधीला त्या शास्त्रात दुभंगलेला मेंदू अशा अर्थाचे नाव आहे. यावरचा एक उपाय: तिसरा साक्षीदार. तिघांपैकी दोघांचे एकमत होईल तेच खरे. जो एकटा पडेल त्याने, जिवंत असला तरी, आपण होऊन काम थांबवायचे.

या प्रश्नावरचा एक प्रसिद्ध निबंध लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने लिहिला आहे. पॅक्सोस नावाच्या ग्रीक बेटावरच्या प्राचीन संसदेचे उत्खनन झाले असून तिथले सभासद सतत सभागृहातून ये-जा करीत असतानाही निर्णयांची नोंद एकवाक्यतेने कशी ठेवत, अशा कल्पित कथेच्या रूपात तो आहे. १९९० साली पाठवलेला हा निबंध १९९८ साली छापला गेला. परीक्षकांना कथा नको होती. लॅम्पोर्ट यांनी कथा काढली नाही. आमच्या विद्यार्थ्यांना हे सांगितले तेव्हा वर्गात प्रथमच सर्व्हर या विषयाला हशा मिळाला.

आमचा तिसरा साक्षीदार राणीसावरगावातच, आमच्या घरी, पुस्तकांच्या कपाटावर आहे. तळहाताएवढे यंत्र, इन्व्हर्टरवर चालणारे. त्याच्याकडे टपाल येत नाही आणि त्याला ते वाचताही येत नाही. त्याने फक्त साक्ष द्यायची. गावातली वीज गेली आणि तो गप्प झाला, तरी बाकीच्या दोघांचे एकमत कायम असल्याने काही बिघडत नाही.

मुख्य पुन्हा सुरू झाला की सूत्रे त्याच्याकडे आपोआप परत जात नाहीत, हेही येथे नमूद करायला हवे. मधल्या काळात आलेले सर्व त्याने उतरवून घ्यावे लागते आणि नंतर आमच्यापैकी कुणीतरी ‘घे’ म्हणावे लागते. सूत्रे जाणे आपोआप असावे, परत येणे माणसाच्या संमतीने, हा विद्यार्थ्याचा आग्रह. तो आम्हांला पटला.

इतिहास शिकवताना आपण पानिपताच्या वार्तेपाशी येतो. १४ जानेवारी १७६१ नंतर उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पराभवाची बातमी मिळाली ती सावकारांच्या कासिदाजवळच्या सांकेतिक पत्रातून. ते पत्र त्यांच्यासाठी नव्हते. वाटेत कासीद भेटला म्हणून ते हाती आले. पेशवाईच्या कागदांत ‘जासूदजोडी’ हा शब्द वारंवार येतो. एकावर प्रसंग ओढवला तरी पत्र थांबू नये, ही त्यामागची सोय उघड आहे. एवढी सोय असणाऱ्यांनाही शेवटी योगायोगावर विसंबावे लागले. आमच्या मुलीच्या बाबतीत योगायोगाने तेवढीही कृपा केली नाही. एरवी आपण ज्याला ‘झालं कसं तरी’ म्हणतो, त्याला व्यवस्था म्हणण्याची सवय आम्ही त्या मे महिन्यात सोडली. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करतो आणि एक पत्र धाडून ते कुठे उतरते ते पाहतो. पहिल्या दोन खेपांना ते उतरले नाही. चूक सापडली, दुरुस्त झाली. मोडून पाहिल्याशिवाय ती कुणालाच दिसली नसती.

एवढे करूनही एखादे टपाल परत जाईलच. म्हणून आणखी तीन गोष्टी केल्या, आणि आमच्या मते या सर्व खटाटोपात आमच्या विद्येचा उपयोग झाला तो एवढाच. टपाल चार तास अडकले तर पाठवणाऱ्याला तसे कळते. पूर्वी ही सूचना बंद होती. परत जाणाऱ्या पत्रासोबतचा मजकूर बदलण्याची मुभा सर्व्हराच्या प्रणालीत असते, ती आम्ही वापरली. तो मजकूर आता मराठीत आहे. आपले लेखन आम्ही नाकारलेले नाही. ते आम्ही वाचलेलेच नाही. दोष आमच्या यंत्राचा आहे, कृपया या क्रमांकावर फोन करावा, असे त्यात लिहिले आहे. ही तीन वाक्ये आम्ही दोघांनी एक संध्याकाळभर घासली. आणि तिसरे, पोहोचलेल्या प्रत्येक लेखाला यंत्राच्या पोचेखेरीज आमच्यापैकी एकाच्या हातची एक ओळ जाते.

त्या विद्यार्थिनीचा लेख तिच्या मोबाईलमधल्या पाठवलेल्या टपालात शिल्लक होता. पुन्हा पाठव म्हणून आम्ही तिला तीनदा सांगितले. दोनदा ती ‘बघते’ म्हणाली. तिसऱ्या खेपेला मॅडम तिला म्हणाल्या, “बाई, तुझा लेख आम्ही अजून वाचलाच नाही. चांगला की वाईट, हे आम्हांला माहीत नाही.” त्या रात्री तो आला. आम्ही लगेच उत्तर लिहिले: मिळाला, वाचतो आहोत. लेखात दुरुस्त्या पुष्कळ होत्या. त्या तिने दोन आठवडे बसून केल्या. तो पुढच्या वर्षीच्या अंकात छापला. छापील अंक तिच्या हाती दिला तेव्हा तिने प्रथम आपले पान काढले नाही, मागच्या पानावरचा पत्ता पाहिला आणि विचारले, “सर, हा आता चालू असतो ना?”

असतो, असे आम्ही म्हणालो. नियमपत्र वाचल्यापासून हा शब्द आम्ही जरा जपून उच्चारतो. येत्या शनिवारी पहिला सर्व्हर पुन्हा बंद करायचा आहे.